काकू, हशा आणि संहिता : श्राव्य विनोदाच्या पाठचिकित्सेसंबंधी

१

मराठी समीक्षेत 'संहिता' हा शब्द ज्या सहजतेने वापरला जातो त्या सहजतेने त्यामागील गृहीत तपासले जात नाही. संहिता म्हणजे छापील पान, हे ते गृहीत होय. कविता, कथा, कादंबरी यांच्या बाबतीत या गृहीताने फारसे बिघडत नाही. नाटकाच्या बाबतीत 'संहिता' आणि 'प्रयोग' अशी फोड करून समीक्षेने आपली सोय करून घेतली आहे. पण जी कृती मुळातच कानासाठी रचली गेली, जिचा अर्थ आवाजाच्या चढउतारावर, थांबण्यावर आणि श्रोत्यांच्या प्रतिसादावर अवलंबून आहे, तिची संहिता कोणती मानावयाची? लेखकाने टंकलिखित केलेले कागद, एका विशिष्ट दिवशी झालेले ध्वनिमुद्रण, त्यातून कापून-जोडून प्रसारित झालेला भाग, की पुढे पुस्तकरूपाने छापलेला मजकूर? विनोदाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. करुणाचा परिणाम एखादा स्वर चुकला तरी पुष्कळदा टिकून राहतो; विनोद मात्र अर्ध्या क्षणाच्या विलंबाने नाहीसा होतो.

भारतीय साहित्यशास्त्राला ही अडचण अपरिचित नव्हती. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आणि वाचिकाच्या विवेचनात 'काकू'ला, म्हणजे अर्थ पालटविणाऱ्या ध्वनिविकाराला, स्वतंत्र स्थान दिले. रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती असे दोन भेद केले. शब्द तेच राहतात, उच्चार बदलतो आणि अर्थ उलटतो, ही काकुवक्रोक्तीची किमया होय. मराठी समीक्षेने यांपैकी श्लेषाचा विचार पुष्कळ केला. काकूचा विचार मात्र अलंकारांच्या पाठ्यपुस्तकात एखाद्या उदाहरणापुरता उरला. याचे कारण उघड आहे. श्लेष छापता येतो, काकू छापता येत नाही.

नभोवाणीवरील विनोद हा जवळजवळ सर्वस्वी काकूचा प्रांत आहे. तेथे आंगिक आणि आहार्य उरत नाही. वाचिकावर सगळा भार येतो. म्हणून श्राव्य विनोदाच्या पाठचिकित्सेची पद्धती कशी असावी हे ठरविण्यासाठी अशी एखादी कृती निवडणे सोयीचे ठरते, जिचा ध्वनिमुद्रणाचा आणि प्रसारणाचा इतिहास बऱ्यापैकी ज्ञात आहे. 'द गून शो' या ब्रिटिश विनोदमालिकेतील एक भाग या कामी उपयोगी पडतो. ही निवड केवळ सोयीची नाही. त्या मालिकेचा प्रमुख लेखक स्पाइक मिलिगन याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे झाला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याची शीव ज्या जिल्ह्याला लागते, त्या जिल्ह्याच्या ठिकाणी ब्रिटिश लष्करातील एका नोकरदाराच्या घरी जन्मलेला, पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला आणि पुढे रंगूनमार्गे इंग्लंडला गेलेला हा लेखक होता. वसाहतीच्या लष्करी छावणीत कानांवर पडलेल्या हुकुमांचे, बढायांचे आणि मिश्र भाषांचे पडसाद त्याच्या विनोदात उमटले आहेत.

२

'द गून शो' ही मालिका बीबीसीवरून प्रथम २८ मे १९५१ रोजी 'क्रेझी पीपल' या नावाने ऐकविली गेली आणि तिचा शेवटचा नियमित भाग २८ जानेवारी १९६० रोजी प्रसारित झाला. मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम्ब हे तिचे तीन प्रमुख आवाज होत. आरंभी त्यांच्यासोबत असलेला मायकेल बेंटाइन दुसऱ्या मालिकेनंतर बाहेर पडला. प्रस्तुत विवेचनासाठी घेतलेला भाग 'द ड्रेडेड बॅटर पुडिंग हर्लर ऑफ बेक्सहिल-ऑन-सी' हा पाचव्या मालिकेतील असून तो १२ ऑक्टोबर १९५४ रोजी प्रसारित झाला.

या भागाचे कथानक थोडक्यात असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका गावी अंधारबंदी पुकारलेली असते. त्या अंधारात कोणी अज्ञात इसम रस्त्याने जाणाऱ्यांवर मैदा, दूध आणि अंडी यांच्या सरसरीत पिठाचे भाजलेले पुडिंग फेकून मारतो. तपासासाठी नेडी सीगून येतो. गुन्हेगार दिसण्यासाठी उजेड हवा आणि उजेड करणे तर निषिद्ध. काडी ओढताच खाडीपलीकडून जर्मन तोफेचा गोळा येऊन आदळतो. पुढे हा तपास उत्तर आफ्रिकेपर्यंत जातो. अखेरीस संशयित आणि तपासनीस एका होडीत समुद्रावर भरकटतात. खाण्यास काहीच उरलेले नसते. जवळ असते ते फक्त पुडिंग, आणि गुन्ह्याचा एकमेव पुरावा तेच असते. पुरावा खाल्ला तर गुन्हा सिद्ध होणार नाही, न खाल्ला तर दोघेही मरतील. पुरावा खाल्ला जातो. नंतर सुखान्ताची आवड असलेल्या श्रोत्यांसाठी एक पर्यायी शेवटही जोडलेला आहे.

या कथानकातील अंधार केवळ प्रसंगाची पार्श्वभूमी नाही. नभोवाणीचा श्रोता नेहमीच अंधारात असतो. तो पात्रांना पाहू शकत नाही. अंधारबंदीमुळे पात्रेही श्रोत्याच्याच अवस्थेत येतात. काडी ओढणे म्हणजे दृश्याची मागणी करणे, आणि त्या मागणीला मिळणारे उत्तर स्फोटाच्या आवाजाचे असते. माध्यमाची मर्यादाच येथे विनोदाचे तत्त्व बनते. रंगभूमीवर ही काडी खरोखर पेटवावी लागेल आणि विनोद तेथेच संपेल. या अर्थाने ही कृती नभोवाणीवाचून अन्यत्र संभवत नाही, आणि म्हणूनच तिची संहिता ठरविताना नभोवाणीला वगळता येत नाही.

आता या भागाच्या रूपांकडे वळता येईल. पहिले रूप मिलिगनच्या टंकलिखिताचे. दुसरे, निमंत्रित श्रोत्यांसमोर झालेल्या ध्वनिमुद्रणाचे. यात लिखितात नसलेले उद्गार आहेत, आयत्या वेळी घातलेले शब्द आहेत, नटांना स्वतःलाच न आवरलेले हसू आहे आणि श्रोत्यांचा हशा आहे. तिसरे, संपादित होऊन ठरलेल्या वेळेत बसविलेले प्रसारित रूप. चौथे रूप बीबीसीच्या ट्रान्सक्रिप्शन सर्व्हिसशी संबंधित आहे. हा विभाग परदेशी नभोवाणी केंद्रांना तबकड्या पुरवीत असे. त्या तयार करताना प्रासंगिक उल्लेख आणि आक्षेपार्ह वाटू शकणारे शब्द गाळले जात. पाचवे रूप छापील. १९७२ मध्ये 'द गून शो स्क्रिप्ट्स' हे पुस्तक निघाले आणि त्यात या भागाचा समावेश झाला. वाचकाच्या हाती आलेले हे रूप सर्वांत सुबक, पण काकूविरहित आहे.

या पाच रूपांत मूळ कोणते? हस्तलिखितांच्या चिकित्सेची रूढ पद्धत अशी की उपलब्ध पोथ्यांवरून मागे मागे जाऊन लेखकाच्या हातच्या आद्य प्रतीपर्यंत पोचावयाचे. श्राव्य कृतीला ही पद्धत जशीच्या तशी लावली तर टंकलिखितालाच अग्रमान द्यावा लागेल. परंतु टंकलिखित ही येथे कृती नसून कृतीची सूचना आहे. पुडिंग आदळल्याचा आवाज लिखितात एका कंसातील सूचनेपुरता आहे. तो आवाज कसा असावा हे ध्वनिमुद्रणाच्या वेळी ठरते. असा आवाज मिळविण्यासाठी मिलिगनने उपाहारगृहातून कस्टर्ड मागवून ते पायमोज्यात भरले आणि भिंतीवर आपटून पाहिले, अशी एक आख्यायिका प्रचलित आहे. तिच्या तपशिलाचे काहीही असो, तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ध्वनीची निवड हा येथे लेखनाचाच भाग होता. १९५८ मध्ये बीबीसीने प्रायोगिक ध्वनिनिर्मितीसाठी रेडिओफोनिक वर्कशॉप स्थापन केले तेव्हा 'गून शो'साठीही तेथे ध्वनी तयार करून घेण्यात आले. हा लेखक शब्दांत जितका विचार करीत होता तितकाच आवाजांत करीत होता.

३

ध्वनिमुद्रण झाले म्हणजे कृती टिकली, असेही नाही. ध्वनिफिती महाग होत्या, साठवणीला जागा लागे आणि प्रसारण हे वर्तमानपत्रासारखे त्या दिवसापुरते मानले जाई. फिती पुसून पुन्हा वापरणे ही जगभरच्या नभोवाणी केंद्रांची सर्वसाधारण रीत होती. 'गून शो'च्या पहिल्या काही मालिकांतील बहुतेक भाग या रीतीला बळी पडले. पुष्कळसे नंतरचे भाग आज ऐकावयास मिळतात याचे श्रेय बव्हंशी परदेशी केंद्रांसाठी केलेल्या तबकड्यांकडे जाते. यातील विरोधाभास लक्षणीय आहे. ज्या व्यवस्थेने पाठ कापला तिनेच तो वाचवला. होडीतल्या पुडिंगप्रमाणे येथेही पुरावा खाल्ला गेला. जे उरले ते खाताना सांडलेले तुकडे होत.

याच इतिहासात आणखी एक बोधप्रद प्रकरण आहे. १९५७-५८ मध्ये चौथ्या मालिकेतील काही जुनी लेखने त्याच नटांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती 'व्हिंटेज गून्स' या नावाने ओळखली जातात. लेखन जवळपास तेच आणि नटही तेच. तरीही ही नवी ध्वनिमुद्रणे १९५३-५४ च्या प्रसारणांची जागा घेऊ शकत नाहीत. मधल्या वर्षांत पात्रांचे आवाज घडले, ठरले, काहीसे साचेबंद झाले. श्रोत्यांना पात्रे आधीच परिचित झाल्यामुळे ती बोलू लागण्यापूर्वीच हशा येऊ लागला. एकच लेखन दोन वेगळ्या कृतींना जन्म देऊ शकते याचे हे प्रत्यक्ष प्रमाण आहे.

नेल्सन गुडमन याने १९६८ च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात कलांची एक उपयुक्त विभागणी केली आहे. चित्रासारख्या काही कलांत कृतीची ओळख तिच्या निर्मितीच्या इतिहासाशी बांधलेली असते. हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच राहते. कवितेसारख्या कलांत मात्र अक्षरे बरोबर उतरली की प्रत्येक प्रत तितकीच अस्सल असते. श्राव्य विनोद या दोन्ही कप्प्यांत पुरता बसत नाही. त्याचा शब्द कवितेसारखा उतरवून घेता येतो. त्याचा काकू चित्रातील रेषेसारखा एका हाताला, किंबहुना एका गळ्याला, बांधलेला असतो. या विभागणीचा खरा उपयोग कृतीला एखाद्या कप्प्यात टाकण्यासाठी करावयाचा नसून, कृतीचा कोणता अंश कोणत्या प्रकारचा आहे हे दाखविण्यासाठी करावयाचा आहे.

४

मराठीत नभोवाणीच्या विनोदाची परंपरा क्षीण नव्हती. मुंबई आकाशवाणीवरील 'पुन्हा प्रपंच' ही कौटुंबिक श्रुतिका बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्या आवाजांत घरोघरी पोचली होती. टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ही नावे ज्या पिढीने ती ऐकली तिच्या बोलण्यात म्हणींसारखी रुळली. पु. ल. देशपांडे हे तर नभोवाणीच्या नोकरीतच घडलेले लेखक. आकाशवाणीत काम करीत असताना ते प्रशिक्षणासाठी लंडनला बीबीसीत गेले होते आणि त्या वास्तव्याचे फलित 'अपूर्वाई'च्या रूपाने मराठीला मिळाले. त्यांच्या 'बटाट्याची चाळ'चा प्रवास मात्र पुस्तकाकडून आवाजाकडे झाला. पुस्तक १९५८ चे, एकपात्री प्रयोग १९६१ पासूनचे. मराठी वाचक पु. लं.चे पान वाचताना मनात त्यांचाच आवाज ऐकतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. छापील पानामागे ध्वनिमुद्रण उभे असल्यामुळेच तो संभवतो. तथापि पु. लं.च्या समीक्षेत या ध्वनिफितींचा उल्लेख लोकप्रियतेचा पुरावा म्हणून येतो, पाठ म्हणून येत नाही.

मराठवाड्याच्या दृष्टीने या प्रश्नाला वेगळीच धार येते. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. तेथील श्रोत्याने 'मराठी नभोवाणी' म्हणून जो आवाज पुढे ऐकला तो प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या प्रमाण मराठीचा होता. परभणी आणि औरंगाबाद येथे आकाशवाणीची केंद्रे झाली आणि नंतर बीडलाही स्थानिक केंद्र आले. तरीही आपली बोली गंभीरपणे, सलगपणे आणि मध्यवर्ती स्थान घेऊन बोलताना मराठवाड्याच्या श्रोत्याला ऐकू आली ती प्रामुख्याने एका एकपात्री प्रयोगातून. तो प्रयोग म्हणजे लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'.

लक्ष्मण देशपांडे (१९४३-२००९) हे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७९ पासून सुरू झालेल्या या सुमारे तीन तासांच्या प्रयोगात ते बावन्न पात्रे एकट्याने उभी करीत. लग्नाच्या निमित्ताने मराठवाड्यातील खेड्याची माणसे विमानाने लंडनला जातात, एवढेच त्याचे सूत्र. प्रयोग रंगमंचावरचा असला तरी पात्रांची ओळख मुख्यतः आवाजाने पटते; म्हणूनच त्याची ध्वनिफीत स्वयंपूर्ण ठरली आणि रंगमंचापासून दूर असलेल्या गावांतही पोचली. पु. लं.चा प्रवास पुस्तकाकडून आवाजाकडे झाला, तर 'वऱ्हाड'चा आवाजाकडून पुस्तकाकडे.

हा फरक शीर्षकापासूनच दिसतो. 'निघालंय' हे रूप बोलीचे आहे. त्यातील 'लं'वरचा अनुस्वार नासिक्य उच्चार दाखवीत नाही. तो लांबविलेला अकार दाखवितो. लिपीजवळ त्या उच्चारासाठी स्वतंत्र चिन्ह नसल्यामुळे तिने दुसरे चिन्ह उसने घेतले आहे. म्हणजे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच लिपीची तडजोड सुरू होते. आत गेल्यावर ती वाढत जाते.

एक उदाहरण पुरेसे होईल. प्रमाण मराठीत 'जेवायला' हे हेतुदर्शक रूप आहे. 'तो जेवायला' एवढेच छापले तर वाचक पुढच्या क्रियापदाची वाट पाहतो. बीड, परभणी, लातूर, नांदेड या पट्ट्यात मात्र 'तो जेवायला' हे संपूर्ण वाक्य आहे. त्याचा अर्थ 'तो जेवतो आहे'. स्त्रीविषयी 'ती जेवायली', स्वतःविषयी 'मी जेवायलो'. बोलताना स्वर शेवटी खाली येतो आणि वाक्य पूर्ण झाल्याचे कळते. छापील पानावर हे खाली येणे नाही. परिणामी प्रमाण मराठीच्या वाचकाला ते वाक्य तुटलेले वाटते आणि त्या तुटलेपणाचे हसू येते. बोली बोलणाऱ्याला त्याच वाक्यात हसण्यासारखे काहीच आढळत नाही. त्याचे हसू पुढच्या वाक्यावर, पात्राच्या स्वभावावर येते. एकाच शब्दावर दोन वाचकांचे दोन वेगळे विनोद घडतात आणि त्यांपैकी एक निव्वळ लेखनपद्धतीतून निर्माण झालेला असतो.

मराठी ग्रामीण साहित्यात बोली दाखविण्याची काही ठराविक चिन्हे रूढ झाली आहेत. 'पाणी'चे 'पानी', 'होय'चे 'व्हय', 'फार'चे 'लई' केले की पात्र ग्रामीण झाले असे मानले जाते. ते कोल्हापूरचे की केजचे, हे या चिन्हांवरून कळत नाही. छापील ग्रामीण बोली ही पुष्कळदा कुठल्याच गावाची नसते. ध्वनिमुद्रणात ही सपाटी टिकत नाही. तेथे तालुक्यागणिक, वयागणिक, जातीपातीगणिक हेल बदलतो. बावन्न पात्रे एका गळ्यातून वेगळी ऐकू येतात ती याच बळावर. पुस्तकात ती वेगळी राहतात ती मुख्यतः नावांमुळे.

५

श्राव्य विनोदाच्या संहितेत आणखी एक घटक असतो, ज्याचा लेखक निश्चित करता येत नाही. तो म्हणजे ध्वनिमुद्रित हशा. आंरी बेर्गसाँ याने १९०० च्या आपल्या निबंधात हास्य हे नेहमी समूहाचे असते असे प्रतिपादन केले. नभोवाणीने आणि ध्वनिफितीने या समूहाला कायमचे कृतीत बसविले. 'गून शो'च्या भागात १९५४ च्या लंडनकरांचा हशा आहे. आज तो भाग ऐकणाऱ्याला त्या समूहाबरोबर हसावे लागते, किंवा त्या समूहाला कशाचे हसू आले याचा शोध घ्यावा लागतो. या मालिकेत मेजर ब्लडनॉक हे हिंदुस्थानात चाकरी केलेल्या भित्र्या, लाचखाऊ लष्करी अधिकाऱ्याचे पात्र आहे. त्यावरील हशा सत्ताधाऱ्यावरचा आहे. त्याच मालिकेत सेलर्स आणि मिलिगन यांनी रंगविलेली हिंदी माणसांची इंग्रजीही आहे. त्यावरील हशा शासितांवरचा आहे. ध्वनिफितीत दोन्ही हशे सारखेच ऐकू येतात. त्यांतील भेद आवाजात सापडत नाही. तो ऐकणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो. अहमदनगरला जन्मलेला लेखक दोन्ही हशांचा निर्माता आहे, ही बाब त्याच्या मूल्यमापनात टाळता येत नाही.

'वऱ्हाड'च्या बाबतीत हा प्रश्न अधिक जवळचा होतो. बीडचा श्रोता शहरी प्रेक्षागृहातील ध्वनिमुद्रण ऐकतो तेव्हा त्याला एकाच वेळी दोन गोष्टी ऐकू येतात. एक, स्वतःची बोली. दुसरी, त्या बोलीवर उठलेला परक्यांचा हशा. बीड जिल्ह्याच्या बोलीला दुसऱ्या प्रदेशांत जे कान मिळतात ते बहुधा ऊसतोडीमुळे. दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात, गळीत हंगाम संपेपर्यंत कोप्यांत राहतात. तेथे ही बोली मजुराची बोली म्हणून ओळखली जाते. प्रयोगात वऱ्हाड विमानाने लंडनला निघते आणि अनोळखी शिष्टाचारांपुढे गोंधळते. प्रत्यक्षात टोळी कारखान्याला निघते आणि तिच्या बोलण्याची टिंगल होते. या दुसऱ्या प्रवासाची जाणीव असलेला श्रोता पहिल्या प्रवासावर निर्भेळपणे हसू शकेल काय?

प्रयोगावर 'मराठवाड्याचे हसे केले' असा आक्षेप घेता येईल. 'मराठवाड्याला व्यासपीठ दिले' असा त्याचा गौरवही करता येईल. ही दोन्ही विधाने पुस्तकाच्या आधारे सिद्ध करावयास गेले तर दोन्हींना पुरावा मिळतो. ध्वनिमुद्रणाच्या आधारे मात्र अधिक नेमका निर्णय शक्य आहे. प्रयोगात लंडनचे वर्णन कोणत्या भाषेत होते, हा कळीचा मुद्दा होय. परके जग बोलीतून सांगितले जाते. बोलीच्या उपमा, बोलीची नापसंती आणि बोलीचे कुतूहल त्या जगाला लावले जाते. निवाडा देणारा आवाज खेड्याचा आहे आणि ज्याचा निवाडा होतो ते शहर आहे. बोली येथे केवळ हास्याचा विषय राहत नाही, ती पाहण्याची जागा बनते. पात्र गोंधळते तेव्हा हशा एका प्रकारचा असतो, पात्र निवाडा देते तेव्हा दुसऱ्या प्रकारचा. हे दोन हशे वेगळे करणे, त्यांच्या जागा नोंदविणे, निरनिराळ्या ठिकाणच्या ध्वनिमुद्रणांत त्या बदलतात काय हे पाहणे, हे श्राव्य विनोदाच्या समीक्षेचे खरे काम होय. हा विचार केल्यावाचून दिलेला कोणताही निर्णय, गौरवाचा असो की आक्षेपाचा, पाठाच्या आधाराविना दिलेला निर्णय ठरतो.

लक्ष्मण देशपांडे यांच्या निधनानंतर बीड जिल्ह्यातील माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला. 'व्हिंटेज गून्स'शी याची तुलना उद्बोधक आहे. तेथे नट तेच होते आणि काळ बदलला होता; येथे काळ आणि गळा दोन्ही बदलले आहेत. गुडमनच्या भाषेत सांगावयाचे तर या पुनःप्रयोगाने 'वऱ्हाड' एका गळ्याशी बांधलेल्या कृतींतून काढून संहितेवरून पुनःपुन्हा उभ्या राहू शकणाऱ्या कृतींत आणले. परंतु हे कशाच्या बळावर शक्य झाले, हेही पाहिले पाहिजे. केवळ छापील पुस्तकावरून दुसऱ्या प्रदेशातील नटाला 'तो जेवायला'चा स्वर नेमका खाली आणता आला असता, असे म्हणवत नाही. पुनःप्रयोगाचा आधार दुहेरी आहे. एकीकडे मूळ प्रयोगाची ध्वनिमुद्रणे आहेत, दुसरीकडे नटाच्या कानात लहानपणापासून असलेली बोली आहे. काकू छापता येत नसला तरी तो परंपरेने दिला-घेतला जातो, आणि त्या देवघेवीसाठी बोली बोलणारा समाज जिवंत असावा लागतो. म्हणून येथे ध्वनिमुद्रणाच्या जतनाचा प्रश्न बोलीच्या जतनापासून वेगळा करता येत नाही.

६

श्राव्य पाठाच्या चिकित्सेसाठी मराठीला सर्वस्वी परकी पद्धती आयात करावी लागेल असे नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मुळात बोललेल्या शब्दांचा संग्रह आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. महानुभावांनी पुढे निरनिराळ्या परंपरांतील भिन्न कथने पुसून एकच पाठ केला नाही. 'वासना' म्हणून भिन्न पाठ नोंदवून ठेवले. गोदाकाठच्या पांचाळेश्वरासारख्या स्थानांशी जोडलेल्या या परंपरेने एक तत्त्व आचरणात आणले होते. बोललेल्या शब्दाचा एकमेव शुद्ध पाठ नसतो. त्याचे साक्षीदार असतात आणि प्रत्येक साक्षीदाराची नोंद ठेवावयाची असते. आंबेजोगाईच्या दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा संहितेचे माध्यम कागदच असले पाहिजे असा दंडक नव्हता. ज्या भूमीत कापड संहिता ठरू शकले तेथे ध्वनिफितीला संहिता मानण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

या विवेचनातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की श्राव्य विनोदाच्या प्रत्येक कृतीची नोंद करताना लेखन, ध्वनिमुद्रण, प्रसारण आणि मुद्रण यांच्या तारखा स्वतंत्रपणे द्याव्यात. त्यांतील एकीला दुसरीची जागा घेऊ देऊ नये. दुसरा, एकाच कृतीची अनेक ध्वनिमुद्रणे असतील तर त्यांतील सर्वांत सुबक ध्वनिमुद्रण निवडून बाकीची बाजूला सारू नयेत. अडखळणे, आयते उद्गार आणि गाळलेले भाग हेही पाठभेदच होत. तिसरा, हशा हा पाठाचा भाग मानून तो कोठे, किती आणि कोणत्या प्रेक्षागृहातील आहे हे नोंदवावे. चौथा निष्कर्ष अभ्यासक्रमाविषयी आहे. विद्यार्थ्याला 'वऱ्हाड'चे पुस्तक नेमून ध्वनिमुद्रण ऐच्छिक ठेवणे म्हणजे त्याला वृत्ते शिकवून कविता मोठ्याने न वाचण्यास सांगण्यासारखे होय.

यावर एक शंका संभवते. ध्वनिमुद्रणाला एवढे महत्त्व दिले तर प्रयोगाची चंचलता, त्याचे रोज नव्याने घडणे, एका फितीत गोठून जाणार नाही काय? शंका रास्त आहे. एकच फीत प्रमाण मानली तर ती छापील पानाइतकीच जुलमी ठरेल. परंतु अनेक फिती शेजारी ठेवल्या तर उलटे घडते. प्रयोग कोठे बदलत होता आणि कोठे बदलत नव्हता हे त्यांतूनच कळते. 'गून शो'च्या अभ्यासकांना टंकलिखित, प्रसारण, परदेशी तबकड्या आणि पुनर्मुद्रणे शेजारी ठेवता येतात म्हणूनच त्या मालिकेविषयी आठवणींच्या पलीकडे जाऊन बोलता येते. सत्तर वर्षांपूर्वी एका अंधाऱ्या किनाऱ्यावर फेकलेल्या पुडिंगविषयी जर इतके नेमकेपणाने बोलता येत असेल, तर बीडच्या एका वाक्यातील खाली येणाऱ्या स्वराविषयीही बोलता आले पाहिजे. तो स्वर ज्या फितींत आहे त्या पुसल्या जाण्याआधी मराठी समीक्षेने त्यांना पाठ म्हणून ऐकावयास हवे. विनोदाच्या बाबतीत पुरावा खाऊन टाकल्यावर जोडलेला सुखान्त केवळ नभोवाणीवरच शोभतो.